जळगावातील इंग्रजी संभाषण वर्ग : सराव उत्तम, शुद्धाशुद्धतेचा निवाडा मात्र अन्यायकारक

भुसावळहून रोज अप-डाऊन करून मी जळगावातील एका इंग्रजी संभाषण वर्गात तीन महिने शिकलो. उच्चारांचा आणि मुलाखतीचा सराव तेथे खरोखर चांगला होतो, आणि प्रत्येकाला रोज उभे राहून बोलावेच लागते. माझी तक्रार आहे ती पहिल्याच दिवशी हाती पडणाऱ्या ‘चुकीचे इंग्रजी’ या चार पानी यादीबद्दल, कारण ज्या प्रयोगांविषयी खुद्द इंग्रजी भाषकांतच वाद आहे, ते या यादीत सरसकट अशुद्ध ठरवलेले आहेत.

सरावाच्या पत्रात मी बैठक ‘प्रीपोन’ करावी, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घ्यावी, असे लिहिले, तेव्हा लाल शाईची फुली आली आणि ‘असा शब्द इंग्रजीत नाही’ असा शेराही मिळाला. वास्तविक हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात आहे आणि भारतातील कार्यालयांत तो रोज वापरला जातो. परदेशी ग्राहकाला तो कळणार नाही, तेथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा, असे सांगितले असते तर मी ते आनंदाने मान्य केले असते. ‘उत्तर देणे’ या अर्थी ‘रिव्हर्ट’ टाळावा, हा त्यांचा सल्ला मला याच कारणाने पटतो, कारण त्या शब्दाचा जुना अर्थ पूर्वस्थितीला परतणे असा आहे.

सर्वांत वाईट वाटले ते पारोळ्याहून येणाऱ्या एका ताईंबद्दल. ‘कमी चुका’ या अर्थी त्या ‘लेस मिस्टेक्स’ म्हणाल्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्यूअर’च हवे म्हणून त्यांना वाक्याच्या मध्येच थांबवण्यात आले. आज अटळ नियम म्हणून शिकवला जाणारा हा भेद इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये केवळ स्वतःची पसंती म्हणून नोंदवला होता, आणि त्याआधी कित्येक शतके ‘लेस’ मोजता येणाऱ्या गोष्टींसाठीही वापरात होता. एका व्यक्तीसाठी ‘दे’ (they, एरवी अनेकवचनी ‘ते’) वापरण्यावरही फुली असते, पण तो प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो. परीक्षेत ‘फ्यूअर’ लिहावे, हे सांगणे योग्यच आहे. मात्र पहिल्या आठवड्यात मोकळेपणाने बोलणाऱ्या त्या ताई दुसऱ्या महिन्यात नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडेनाशा झाल्या, ही या पद्धतीची किंमत आहे.

खान्देशात हे मनाला अधिक लागते, कारण अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलत वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या बोलण्यावर शाळेतच ‘अशुद्ध’ असा शिक्का बसलेला असतो. ज्या बहिणाबाई चौधरींनी याच मातीतल्या बोलीत कविता रचली, त्यांचे नाव येथील विद्यापीठाला आहे, आणि त्याच शहरातल्या वर्गात शुद्धतेचा असा धाक घातला जावा, याचे मला दुःख होते.

यादीत ‘चूक’, ‘वादग्रस्त’ आणि ‘फक्त भारतात रूढ’ असे तीन वेगळे भाग करावेत, अशी लेखी सूचना मी वर्ग संपताना दिली आहे. बोलण्याची भीड मोडायची असेल, तर प्रवेश जरूर घ्यावा. फुली पडलेला प्रत्येक शब्द मात्र घरी शब्दकोशात तपासावा. पाचपैकी तीन तारे.