बेअरिंगचे १८,५०० घेतले, गिअरबॉक्स उघडलाच नव्हता

न्यूट्रलमध्ये गाडी उभी असली की घरघर, क्लच दाबला की गप्प. इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय, हे सिंहगड रस्त्यावरच्या त्या गॅरेजवाल्याने बरोबर सांगितलं. म्हणूनच माझा विश्वास बसला.

बेअरिंग किट ७,२००, क्लचप्लेट ४,८००, गिअर ऑईल १,५००, मजुरी ५,०००. त्यातले १०,००० यूपीआयने आगाऊ, ८,५०० रोख. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील, दादा." ३,३३० रुपये वाचतील म्हणून मी बिल नको म्हणालो. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, रिक्षात तिचे हाल होत होते. गाडी लवकर मिळावी एवढंच डोक्यात होतं. माझ्या जागी दुसऱ्या कोणी वेगळं काय केलं असतं?

जुने पार्ट मी मागितले होते. मागितले होते! त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बेअरिंग हातावर ठेवलं. कोरडं ठणठणीत. बाहेरच्या कड्यावरचा तांबूस गंज माझ्या बोटांना लागला. अहो, गिअरबॉक्समधलं बेअरिंग वर्षानुवर्षं ऑईलमध्ये भिजलेलं असतं, त्याला गंज चढेल कसा? हाताला ऑईलचा तो उग्र वास यायला हवा होता. मी बोटं रुमालाला पुसली आणि उरलेले पैसे मोजून दिले. रोज रात्री तो रुमाल आठवतो. नुसतं खाली वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं, गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल तसाच होता. पाना लागला की चिखल राहत नाही. गाडी देण्याआधीच बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या, बोल्ट फिरला की तो मोडतो.

त्याने नुसतं जाड ऑईल भरल्यामुळे चार दिवस आवाज दबला. पाचव्या दिवशी कात्रज घाटात पुन्हा सुरू. दुसऱ्या फिटरने माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरवला. बेअरिंग जुनंच, गोळ्या फिरतात त्या कड्यावर (रेसवर) खड्डे, ऑईल काढायच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा कीस. क्लचप्लेटही जुनीच. पुन्हा १४,२०० गेले, या वेळी बिलासकट. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो घ्या आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत भाव विचारा.

पहिला गॅरेजवाला म्हणतो, "आमच्याकडून गेली तेव्हा ठीक होती." चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." काम न करता पैसे घेतले, भलताच पार्ट जुना म्हणून हातात दिला, ही फसवणूक नाही? अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी हवालदार मलाच विचारतो, "बिल का नाही घेतलं?" चोराला सोडून माझीच उलटतपासणी! तीन अर्ध्या रजा गेल्या, पोच अजून नाही. रोख देऊ नका, निदान यूपीआयचा मेसेज तरी हातात राहतो.

सोमवारी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागतोच असं नाही. १०,००० चा मेसेज, दुसऱ्या फिटरचं बिल, गिअरबॉक्स उतरवतानाचा व्हिडिओ आणि ते गंजकं बेअरिंग, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पिशवीत भरून ठेवलंय.