सेन्सरचा ड्रिफ्ट: रजिस्टरवरून काढायचा की शेजाऱ्याशी ताडून?

बॉयलरवरच्या सेन्सरांच्या ड्रिफ्टचं, म्हणजे रीडिंग हळूहळू खऱ्यापासून सरकत जाण्याचं, मॉडेल बांधायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक, कॅलिब्रेशनच्या (प्रमाण सेन्सरशी ताडून केलेल्या तपासणीच्या) रजिस्टरवरून प्रत्येक सेन्सरची घसरण काढायची. दुसरी, शेजारच्या सेन्सरांशी रोज ताडून पाहायचं. कोराडी, चंद्रपूर, पारस अशा कोळशावरच्या वीज केंद्रांत निवड करताना आपला उन्हाळा आधी लक्षात घ्यावा लागतो.

रजिस्टरची वाट स्वस्त. ओव्हरहॉलला, म्हणजे संच बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीत, थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) काढलं, प्रमाण सेन्सरसोबत ड्राय ब्लॉकमध्ये (ठरावीक तापमान धरणाऱ्या छोट्या भट्टीत) घातलं, फरक लिहिला. चार-पाच नोंदी झाल्या की बरेच जण सरळ रेष ओढतात: वर्षाला १ अंश, तर ४ वर्षांत ४. सेन्सर एकाच दिशेने सरकत असेल तर ते बरोबर. कधी वर, कधी खाली असा भटकत असेल तर चूक वेळेच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे ४ वर्षांत २. कॅलिब्रेशन दरवर्षी करायचं की लांबवायचं, हे या फरकावर ठरतं. पण टेक्निशियनने आधी ॲडजस्ट करून मग रीडिंग लिहिलं असेल, तर ड्रिफ्ट पुसलाच गेला. ‘ॲज फाउंड’चा (ॲडजस्ट करण्याआधीच्या रीडिंगचा) रकाना रिकामा असेल तर या वाटेला जाऊच नका.

दुसरी अडचण मला अनुभवानेच कळली. ५४० अंशांच्या मुख्य वाफेवरची आमची तीन के टाइप थर्मोकपलं. त्यातलं एक मार्चपासून कमी दाखवू लागलं, नवतप्यात जवळपास ३० अंशांनी, आणि दिवाळीनंतर बरंचसं सावरलं. काढून ड्राय ब्लॉकमध्ये तपासलं, तर ठणठणीत! दोष केबलमध्ये होता. दुरुस्तीत कोणीतरी थर्मोकपलशी जुळणाऱ्या मिश्रधातूंच्या कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी साधी तांब्याची तार जोडली होती. बॉयलरजवळचा जंक्शन बॉक्स ५५ अंशांवर, रीडिंग घेणाऱ्या कार्डाचं पॅनल एसीत २५ वर. तेवढाच फरक रीडिंगमधून वजा होत होता. रजिस्टरला हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे फक्त सेन्सर तपासला जातो, पूर्ण लूप (सेन्सर, केबल आणि कार्ड) नाही. बाजूच्या दोघांशी ताडल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं.

म्हणून जिथे एकाच जागी तीन सेन्सर आहेत तिथे मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेली एमसेट पद्धत याच जातीची: जुन्या निरोगी नोंदींवरून प्रत्येक सेन्सरने आत्ता काय दाखवायला हवं ते काढायचं आणि फरकावर नजर ठेवायची. मात्र त्या नोंदी पूर्ण वर्षाच्या हव्यात. फक्त हिवाळ्याच्या नोंदींवर शिकवलेलं मॉडेल मे महिन्यात खोटे अलार्म देतं, पावसाळ्यात ओल्या कोळशानेही गडबडतं.

या वाटेचीही एक आंधळी बाजू आहे. तिन्ही थर्मोकपलं एकाच लॉटची, एकाच दिवशी बसवलेली असतील तर ती मिळून सरकतात आणि एकमेकांशी जुळतच राहतात. कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर नेण्याआधी शेतकरी बाहेरच्या धर्मकाट्यावर मोजून आणतो, तसा बाहेरचा साक्षीदार इथेही लागतो. दर ओव्हरहॉलला तिघांतलं एक, आळीपाळीने, काढून तपासा.

बेअरिंगवरचा एकटा पीटी-१०० (प्लॅटिनमच्या तारेचा तापमान सेन्सर) असेल तर ताडायला शेजारीच नाही. तिथे रजिस्टरच, आणि लूपसकट तपासणी.