चित्रकार्डं (पेक्स): घरात रोज वापरल्यानंतर

मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, शब्द मोजकेच. स्पीच थेरपिस्टनी पेक्स सुचवलं आणि दिवाळीपासून ते घरी रोज चालू आहे. हवी ती वस्तू मागायला मुलाने तिचं चित्र समोरच्याच्या हातात द्यायचं, अशी ही पद्धत. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये ती काढली. टप्पे सहा.

पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात, हे आधी लक्षात घ्या. एकजण खाऊ घेऊन समोर, दुसरा मुलाच्या मागे. मागच्याने न बोलता फक्त त्याचा हात धरून चित्र द्यायला लावायचं, समोरच्यानेही "काय हवंय रे?" म्हणायचं नाही. सुरुवात मुलानेच करायची, मेख इथेच आहे. आमच्याकडे मागे आत्या, समोर मी. आजींना मात्र हे पटेना. नातू ओट्याकडे बघायचा अवकाश, चिवड्याचा डबा उघडलेला! मग त्याने मागायचं कशाला? डबे वरच्या फळीवर गेले, चित्रांची फाइल त्याच्या हाताशी आली, तेव्हा कुठे गाडी हलली.

चित्रांमुळे बोलायचा राहील, असं शेजारी सांगतात. अशा साधनांवरच्या अभ्यासांच्या 2006 सालच्या आढाव्यात ज्यांच्याबद्दलचा पुरावा भरवशाचा होता अशा 27 जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. आमचा चित्र देताना आता "पा" म्हणतो, पाण्याला.

तिसरा टप्पा, दोन चित्रांतलं हवं ते ओळखून द्यायचा, फार रेंगाळला. चिवडा आणि पायमोजा अशी दोन चित्रं. मोज्याचं दिलं तर मोजाच हातात द्यायचा. चिडायचा बिचारा, पण त्यातूनच चित्र बघायला लागला.

विकतचा संच घेऊ नका. आम्ही आणलेल्यात बर्गर आणि बर्फावरची घसरगाडी होती, पोळी नव्हती. घरच्या ताट-वाटीचे फोटो काढून लॅमिनेट केले, कटलरीच्या दुकानातलं वेलक्रो लावलं. कोपरे गोल कापा, टोचतात. तो कार्डं चावतो, म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती.

आदळआपट बरीच कमी झाली. पण सध्या चौथ्या टप्प्यावर आहोत आणि हे सगळं मागण्यापुरतंच आहे. पोट दुखतंय हे अजून त्याला सांगता येत नाही. बालवाडीत फाइल दप्तरातच राहायची. बाईंना एकदा समोर बसवून दाखवलं, तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत तरी ती बाहेर निघते.