रोखे शोधणारा एआय एजंट: बेळगावच्या ऑफिसात त्याला कुठलं साधन जोडावं?

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांचं गुंतवणूक सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे, त्यांना हल्ली एक प्रश्न वारंवार येतो: "सर, सोसायटीतली एफडी मोडून कंपनीचे बाँड घेऊ काय ओ?" विचारणारा उद्यमबागेतला फौंड्रीवाला असतो, नाहीतर टिळकवाडीतले निवृत्त मास्तर. त्या बाँडची (म्हणजे रोख्याची) माहिती काढायला आता एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः शोधून करणारा एआय प्रोग्राम (पिग्मीवाला नव्हे), लावता येतो. तो माहिती आणणार कुठून, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं.

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे एजंटला नुसतं इंटरनेट सर्च देणं. कंपनीबद्दलच्या बातम्या, रेटिंग एजन्सीचं पत्रक, निकाल, हे सगळं तो झकास गोळा करतो. घोटाळा होतो तो नेमका बाँड ओळखताना. एकाच एनबीएफसीचे (बँक नसलेल्या वित्त कंपनीचे) डझनावारी बाँड बाजारात असतात: एकाचं व्याज दरमहा, दुसऱ्याचं वर्षाला, एक तारण असलेला, दुसरा बिनतारणी. नावावरून शोधलं की एजंट एकाचा व्याजदर आणि दुसऱ्याची मुदत जोडून एक तिसराच बाँड तयार करतो, आणि तोही ठासून सांगतो.

म्हणून आयसिनवर, म्हणजे प्रत्येक शेअर-बाँडला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर, चालणारं साधन वेगळं ठरतं. भारतीय कंपनीचा आयसिन बारा अक्षरांचा, सुरुवात 'आयएनई'ने. आठव्या-नवव्या जागी शेअरला ०१ असतं, डिबेंचरला (कंपनीच्या कर्जरोख्याला) ०७. शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे एजंटने मनाने आयसिन रचला, तर चांगलं साधन बहुतेक वेळा डेटाबेस उघडायच्या आधीच तो परत पाठवतं. ०१ वाला आला तर "हा शेअर आहे" म्हणून थांबतं. अशी साधनं एजंटला बहुधा एमसीपीने, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉलने, जोडली जातात. प्रोटोकॉल नुसती जोडणी करतो. माहिती खरी की शिळी, याची हमी तो देत नाही.

तिसरा पर्याय सेबीकडे (शेअर-बाँड बाजाराच्या नियामकाकडे) नोंदलेल्या ऑनलाइन बाँड प्लॅटफॉर्मचा. या प्लॅटफॉर्मसाठी सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम केले. तुमचा प्लॅटफॉर्म एपीआय (एजंटला थेट माहिती घेता येईल अशी जोडणी) देत असेल, तर आज प्रत्यक्ष किती रुपयांना मिळेल हे तिथेच कळतं, आणि ही जमेची बाजू मोठी आहे. अडचण एवढीच की त्याच्याकडे विकायला जे आहे तेच दिसतं. दुकानदाराला बाजारभाव विचारल्यासारखं ते.

परदेशी साधनांवर फार वेळ घालवू नका. अमेरिकेत बाँडचे व्यवहार २००२ पासून 'ट्रेस' यंत्रणेत नोंदले जातात, ओळख क्यूसिप या तिथल्या नऊ अक्षरी क्रमांकाने पटते. त्यावर बांधलेलं साधन कितीही देखणं असलं तरी आपल्या 'आयएनई'ला त्याचा उपयोग नाही.

खरी परीक्षा किमतीच्या प्रश्नात होते. समजा, दर्शनी किंमत १०,००० रुपये, व्याज १० टक्के, भाव १०,०५० आणि मागचं व्याज देऊन ७३ दिवस झालेत. तेवढ्या दिवसांचं व्याज २०० रुपये विकणाऱ्याला द्यायचं, म्हणजे खिशातून जाणार १०,२५०. मास्तर विचारणारच, "वरचे दोनशे कसले?" साधन भाव आणि साचलेलं व्याज वेगळं दाखवत नसेल तर एजंट दोन्हींची खिचडी करतो आणि परतावाही चुकतो. शिवाय १० टक्के व्याज दरमहा मिळत असेल तर वर्षाचा प्रभावी दर १०.४७ टक्के होतो. दोन बाँड शेजारी ठेवताना हे एका मापात आणलेलं हवं. भावाला तारीख हवीच हवी, कारण आपल्याकडे कित्येक बाँडचा व्यवहार दिवसेंदिवस होत नाही आणि 'शेवटचा भाव' मागच्या महिन्याचाही असू शकतो. रेटिंगलाही तारीख लागतेच. आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी २०१८ मध्ये काही आठवड्यांत वरच्या श्रेणीवरून थेट 'डी'वर, म्हणजे कर्ज थकवल्याच्या श्रेणीवर, आली होती.

माझं मत विचाराल तर छोट्या ऑफिसने आयसिनवालं साधन मुख्य ठेवावं, खरेदीच्या दिवशी प्लॅटफॉर्मचा भाव बघावा आणि सर्च फक्त बातम्यांसाठी वापरावा. महिन्याला दोन-चारच चौकशा येत असतील तर साधनावर पैसेही घालू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेलं 'बाँड सेंट्रल' हे कंपन्यांच्या बाँडची माहिती देणारं संकेतस्थळ फुकट आहे, तिथे स्वतः बघून घ्या. आणि एजंटला फक्त वाचायची परवानगी द्या, ऑर्डर टाकायची नको. तुम्ही नोंदणीकृत सल्लागार असाल तर डिसेंबर २०२४ च्या सेबी नियमांप्रमाणे एआय वापरून दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी तुमचीच आहे; ग्राहकाला "एजंट तसं म्हणाला" सांगून सुटका नाही.

भाषेचं म्हणाल तर एजंट मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे उत्तर देतो, तिथे साधनाचा फारसा संबंध नाही. एवढंच बघा की रक्कम लाख-कोटीत येते की मिलियनमध्ये.

पैसे भरण्याआधी चाचणी घ्या. मुदत संपलेल्या बाँडचा आयसिन द्या, मग एक आकडा बदललेला द्या, मग मुदतीआधी परत घ्यायची सोय ('कॉल') कंपनीने ठेवलेला एखादा बाँड द्या. पहिल्याला "मुदत संपली", दुसऱ्याला "असा आयसिन नाही" आणि तिसऱ्याला दोन परतावे, एक मुदतीपर्यंतचा आणि एक कॉलच्या तारखेपर्यंतचा, असं उत्तर आलं तर वर्षभराची वर्गणी भरायला हरकत नाही.