दुर्बीण बसवायची असेल तर मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे?

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सास राज्यातील एल कॅम्पो या गावाजवळ राहतो. मेक्सिकोच्या आखाताकडील त्या सपाट पट्ट्यात भातशेती मोठी आहे, आणि रात्रीत उभे पीक लोळवून बांध उकरून टाकणारी रानडुकरे तिथेही आहेत. देवगडजवळच्या आमच्या मांगराभोवती भाताची आणि नाचणीची जी दशा होते, तीच तिथे कितीतरी मोठ्या क्षेत्रावर होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीवाचून रानडुकराला हात लावता येत नाही. टेक्सासात मात्र ही डुकरे माणसाने आणलेली आणि मोकाट सुटून वाढलेली मानली जातात, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांना मारण्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. भाचा ज्या शेतावर राखणीला बसतो तिथल्या मचाणात लांब रायफल फिरवायला जागा नाही, म्हणून त्याला .४४ किंवा त्याहून मोठ्या बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, इथे इंचांत), वर दुर्बीण बसेल असे रिव्हॉल्व्हर हवे होते.

आमच्याकडे राखणीची बंदूक म्हणजे बारा बोअरची, आणि जुन्या घरांत ठासणीची. रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवलेली मी तिकडे जाईपर्यंत पाहिली नव्हती. तरीही त्याने मला विचारले, कारण पस्तीस वर्षे मी देवगड बंदरात मच्छीमार होड्यांची इंजिने बसवली आणि दुरुस्त केली. धक्क्याने बोल्ट कसा सैल होतो आणि खाऱ्या हवेत कोणता धातू कोणत्या धातूला खातो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात दोन महिने त्याच्याकडे राहून मी पुढे सांगितलेली बहुतेक रिव्हॉल्व्हरे हाताळली आणि त्यांपैकी तीन चालवून पाहिली. तिकडच्या किनाऱ्यावर राहणारा आणखी कोणी मराठी माणूस हाच निर्णय करीत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो.

कायद्याची बाजू आधी सांगणे आवश्यक आहे. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड असणाऱ्याला तिथे शस्त्र विकत घेता येते, आणि परवानाधारक दुकानदाराकडून रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर वय २१ पूर्ण असावे लागते. नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा पर्यटनाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला मात्र संघराज्याच्या कायद्याने शस्त्र आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा तिचा एक अपवाद आहे. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, त्यामुळे नेमबाजीच्या मैदानावर रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी मी तो परवाना काढला. मित्राचे रिव्हॉल्व्हर दोन मिनिटे हातात धरून पाहण्यात काय बिघडते, असे समजून आपल्या मुलांनी व्हिसा धोक्यात घालू नये.

आता मूळ मुद्दा. बोअर ठरवण्याआधी बैठक, म्हणजे दुर्बीण ज्यावर बांधतात तो आधार, पाहावी, असे माझे ठाम मत आहे. बार उडाला की रिव्हॉल्व्हर मागे आणि वर झटकते, आणि दुर्बीण आपल्या वजनामुळे जिथल्या तिथे राहू पाहते. या ओढाताणीचा सगळा ताण दुर्बीण धरणारी कडी आणि स्क्रू यांच्यावर येतो. रायफलच्या मानाने रिव्हॉल्व्हर हलके असल्याने त्याची झटक फार तीव्र असते. मैदानावर भाड्याने घेतलेल्या एका रिव्हॉल्व्हरवर आम्ही सकाळी दुर्बीण नीट बांधली, आणि तीस गोळ्यांनंतर ती कड्यांतून जवळजवळ दोन सूत पुढे सरकलेली होती. नेम का बिघडतो आहे हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते. इंजिन पायावर बसवताना बोल्ट फक्त दाबून धरण्याचे काम करतात आणि आडवा धक्का गुडदीने किंवा खाचेने घ्यायचा असतो. दुर्बिणीच्या बैठकीलाही मी हाच नियम लावला, आणि तो लावल्यावर निवड बरीच सोपी झाली.

या नियमाला सर्वांत चांगले उतरते ते रूगर कंपनीचे सुपर रेडहॉक. ते १९८७ साली .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसासाठी बाजारात आले, आणि त्याची चौकट नळीच्या मुळावरून पुढे लांब वाढवलेली आहे. त्या जाड पोलादी चौकटीच्या माथ्यावरच कड्यांसाठी खाचा कापलेल्या असतात, कड्याच्या पोटाला असलेला उंचवटा त्या खाचेत बसतो, आणि धक्का स्क्रूऐवजी तो उंचवटा घेतो. दुर्बिणीचा भार नळीवर न येता चौकटीवर येतो, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते. एक इंच व्यासाच्या दुर्बिणीसाठी कडी रिव्हॉल्व्हरबरोबरच मिळतात, त्यामुळे वेगळी पट्टी शोधावी लागत नाही. शिवाय मागची माशी (दुर्बिणीवाचून नेम धरायची खूण) काढावी लागत नाही, म्हणजे ऐन वेळी दुर्बिणीवर धुके बसले किंवा काच फुटली तर कडी सोडवून साध्या माशीवर नेम धरता येतो. साडेसात इंची नळीचे हे रिव्हॉल्व्हर सुमारे दीड किलो भरते. साडेनऊ इंचीही मिळते, परंतु मचाणात तेवढी लांबी अडचणीची होते. चापाची ओढ मात्र कोरी असताना जड आणि किंचित खरखरीत लागते.

स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ६२९ हे त्याचे जुने प्रतिस्पर्धी. .४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ साली याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हरबरोबर आले. त्या रिव्हॉल्व्हरला पुढे मॉडेल २९ हे नाव मिळाले, आणि ६२९ ही त्याची स्टेनलेस आवृत्ती आहे. मी हाताळलेल्या सर्व रिव्हॉल्व्हरांत याचा चाप सर्वांत गुळगुळीत होता, आणि वजन सुमारे १.४ किलो असल्याने ते हातात अधिक तोलदार बसते. केवळ माशीवर नेम धरायचा असता तर मी भाच्याला डोळे मिटून हेच घ्यायला सांगितले असते. दुर्बीण बसवायची म्हटली की चित्र बदलते. मागची माशी काढून तिच्या जागेच्या छिद्रांत पट्टी स्क्रूंनी बसवावी लागते आणि त्या पट्टीवर कडी येतात, म्हणजे जोड एकऐवजी दोन होतात आणि खालच्या जोडाचा बराचसा धक्का बारीक स्क्रू घेतात. बैठक उत्तम प्रतीची असेल आणि स्क्रू नीट आवळलेले असतील तर ती टिकते, असे तिथले जुने शिकारी सांगतात, आणि त्यांच्या अनुभवावर शंका घेण्याचे मला कारण नाही. पण निगा अधिक लागते आणि साध्या माशीचा आधार हातचा जातो.

रूगरचेच सुपर ब्लॅकहॉक हंटर हे सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे प्रत्येक बाराला घोडा (चाप ओढल्यावर काडतुसाकडे आपटणारी हातोडी) अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्याच्या नळीवर पोलादी कणा असून कड्यांच्या खाचा त्या कण्यातच कापलेल्या आहेत, म्हणून बैठक सुपर रेडहॉकइतकीच भक्कम होते. फक्त भार नळीवर आणि पुढच्या बाजूला येतो. त्याचा दस्ता बाराच्या वेळी तळहातात वर वळतो आणि धक्का थोडा पसरतो, ते माझ्या म्हाताऱ्या मनगटाला सोसवले. काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून भरावी आणि काढावी लागतात. डुकरांचा कळप समोर असताना हा वेळ फार वाटतो, तर पहिल्याच गोळीवर लक्ष केंद्रित करायला शिकणाऱ्याला याच गोष्टीचा फायदा होतो.

ब्राझीलच्या टॉरस कंपनीचे रेजिंग हंटर बहुधा यांच्यापेक्षा स्वस्त पडते, आणि माथ्यावर तयार पट्टी असल्याने त्यावर कोणतीही कडी सहज बसतात. मात्र त्याची नळी पोलादी असली तरी तिच्यावरचे आवरण ॲल्युमिनियमचे आहे, आणि पट्टी त्या आवरणावर आहे. होडीवर स्टेनलेसला लागून बसवलेले ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात पांढरी भुकटी होऊन झडताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सुचवायला माझे मन धजत नाही. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत राहणाऱ्याने त्याचा अवश्य विचार करावा.

यांहून मोठे हवे असणाऱ्यांसाठी स्मिथ अँड वेसनची २००३ सालची मॉडेल ५०० आणि २००५ सालची .४६० ही पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हरे आहेत. लांब नळीसह त्यांचे वजन दोन किलोंच्या वर जाते, आणि दुर्बीण चढवली की हाताने धरून नेम स्थिर ठेवणे कठीण होते; टेकू लागतोच.

यावरून बोअरकडे येऊ. .४४ मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात .४२९ इंच, म्हणजे सुमारे १०.९ मिलिमीटर व्यासाची असते. या काडतुसाची नेहमीची २४० ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघते, आणि पन्नास-साठ मीटरांवरच्या रानडुकराला, नेम योग्य जागी असेल तर, ती पुरेशी आहे. .४५४ कसल या काडतुसाची ऊर्जा तिच्या दीडपट ते दुप्पट, आणि .५०० ची अडीच पटींहून अधिक असते. वाढलेली प्रत्येक पट धक्क्याच्या रूपाने मनगटावर आणि दुर्बिणीच्या बैठकीवर परत येते, याचा विचार घेणाऱ्याने करावा. सुपर रेडहॉक .४५४ मध्येही मिळते, आणि त्यात .४५ कोल्टची सौम्य काडतुसे सरावासाठी वापरता येतात, तसेच .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशलची चालतात. सौम्य काडतुसांवर दोन-तीनशे गोळ्यांचा सराव झाल्याशिवाय पूर्ण भाराची काडतुसे दुर्बिणीसह वापरू नयेत. नाही तर बार उडण्याआधीच डोळे मिटण्याची आणि हात आखडण्याची सवय लागते, आणि ती पुढे सुटत नाही. कानांत बोळे आणि वर कर्णरक्षक, अशी दोन्ही संरक्षणे हवीत. दुसरा हात सिलिंडर (काडतुसे धरणारा फिरता भाग) आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ कधीही नसावा, कारण तिथून निघणारा तप्त वायू बोटे कापतो.

दुर्बीण रायफलची चालत नाही. रायफलच्या दुर्बिणीला डोळा चार बोटांवर लागतो, आणि रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरलेले असल्याने त्याच्या दुर्बिणीत साधारण ३० ते ६० सेंटिमीटर अंतरावरून पूर्ण चित्र दिसले पाहिजे. तिथल्या दुकानांत ल्यूपोल्ड आणि बरिस या कंपन्यांच्या खास रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेल्या दुर्बिणी आम्हाला दाखवण्यात आल्या. अधिक मोठे दिसावे म्हणून सात-आठ पटींची घेण्याचा मोह होतो, परंतु तितक्या पटीत हाताचे कापणेही तितकेच मोठे दिसते आणि दृश्याचा घेर इतका अरुंद होतो की डुक्कर शोधण्यातच वेळ जातो. दोन पटींची, २० मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण वजनाने दोनशे ग्रॅमच्या आत राहते आणि कड्यांवर कमी ताण आणते. मचाणावरून पन्नास-साठ मीटरांवर नेम धरायला मला तीच सर्वांत योग्य वाटली. दुर्बीण घोड्याच्या वर येत असल्याने अंगठ्याला जागा उरत नाही, म्हणून घोड्याला बाजूने जोडायचा छोटा खिळा त्याच वेळी घ्यावा.

खाऱ्या हवेबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण विकणारे यावर फारसे बोलत नाहीत. काळे पॉलिश केलेले पोलाद किनाऱ्यावर घेऊच नये. स्टेनलेसलाही गंज लागत नाही हा समज चुकीचा आहे. ते पुसले नाही तर त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि कड्यांचे स्क्रू अनेकदा साध्या पोलादाचे असल्याने सर्वांत आधी तेच पकडून बसतात. चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरते. आपल्याकडच्या सवयीने खोबरेल तेल लावण्याचा विचारही करू नये. ते घट्ट होऊन चिकटते आणि घोड्याची चाल जड करते. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीच्या आत धुके धरत नाही, पण वातानुकूलित घरातून दमट रात्री बाहेर पडल्यावर बाहेरच्या काचेवर ते धरतेच. म्हणून भाचा राखणीला जाण्याआधी तासभर रिव्हॉल्व्हर रिकामे करून, कुलूपबंद पेटीत गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवतो.

त्याने अखेर साडेसात इंची नळीचे, .४४ मॅग्नमचे सुपर रेडहॉक आणि दोन पटींची दुर्बीण घेतली. कडी बसवताना आम्ही स्क्रूंवरचे तेल स्पिरिटने पुसले, निळ्या रंगाचा स्क्रू-डिंक एकेक थेंब लावला आणि माप दाखवणाऱ्या पान्याने सगळे स्क्रू सारख्या जोराने आवळले. मग इंजिनाच्या पायाच्या बोल्टांवर मी मारत असे तशी, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. दर पंचवीस गोळ्यांनंतर तो त्या रेघांचा फोटो मला पाठवतो, आणि आजवर चारशे गोळ्या झाल्या तरी सगळ्या रेघा अखंड आहेत.