नाव घातलेली कळशी आणि ‘दान’ नेणारा टेम्पो

२०२५ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या शनिवार पेठेतील आईचे घर आम्हाला तीन आठवड्यांत रिकामे करावे लागले. इमारत पुनर्विकासाला गेली होती, ताबा देण्याची तारीख ठरली होती, आईला जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते, आणि दोन खोल्यांत छप्पन्न वर्षांचा संसार कोंबून भरलेला होता. त्या गडबडीत आमची जी फसवणूक झाली, ती रकमेच्या दृष्टीने फार मोठी नाही. पोलीस ठाण्यात सांगायला गेले तेव्हा समोरच्या हवालदारांच्या चेहऱ्यावर तसे स्पष्ट दिसलेही. परंतु ज्या रीतीने ती झाली, ती रीत ज्या ज्या घरात म्हातारी माणसे गेली आहेत आणि मुलांना घर आवरायचे आहे, अशा कोणत्याही घरात चालण्यासारखी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

वर्तमानपत्रात घालून एक पत्रक आले होते. हातात स्टीलची ताटली धरलेल्या एका मुलीचे छायाचित्र, खाली ‘आपल्या घरातील नको असलेली वस्तू कोणाचा तरी संसार उभा करू शकते’ असे वाक्य, पालघर जिल्ह्यातील मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांतील पाड्यांचा उल्लेख, एक नोंदणी क्रमांक आणि एक मोबाइल क्रमांक. कपडे, भांडी, फर्निचर, चालू स्थितीतील विजेची उपकरणे घरून नेली जातील, असे त्यात लिहिले होते. त्यातील ‘घरून’ हा शब्द माझ्यासाठी पुरेसा होता. खरे सांगायचे तर गरिबांची कणव मला त्या दिवशी विशेष आलेली नव्हती. जिना उतरून सामान खाली नेणारे कोणीतरी मला हवे होते, आणि आईच्या वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याचा जो कमीपणा वाटत होता, तो ‘दान’ या शब्दाने आपोआप मिटत होता. फसवणाऱ्याला माझ्या दयाळूपणापेक्षा माझ्या या अडचणीचा अंदाज अधिक अचूक होता, असे आता वाटते.

फोनवरचा माणूस अत्यंत मृदू बोलणारा होता. त्याने आधी आईची चौकशी केली, ‘ताई, त्यांच्या आत्म्याला शांती लाभेल’ असे म्हटले, आणि मग सर्व वस्तूंची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागितली. गाडी किती मोठी आणायची हे ठरवण्यासाठी छायाचित्रे लागतात, असे त्याचे कारण होते, आणि ते मला पटले. छायाचित्रे पाहून त्याचे प्रश्न आले ते मात्र कपड्यांविषयी नव्हते. भांडी पितळेची आहेत की तांब्याची, घंगाळ किती जड आहे, पाणी तापवण्याचा बंब तांब्याचा आहे ना, शिलाई मशीन चालते का, फ्रिज किती वर्षांचा आहे, हे त्याने बारकाईने विचारले. पितळेची पातेली एवढी का विचारता, असे मी सहज म्हटले, तेव्हा आश्रमशाळेत दोनशे मुलांचा स्वयंपाक होतो, तिथे मोठी भांडी लागतात, असे उत्तर मिळाले.

इथे मी थांबायला हवे होते. आमच्या त्या पातेल्यांची कल्हई कधीच उडालेली होती. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी किंवा ताक ठेवले तर ते कळकते, हे आईने मला दहाव्या वर्षी शिकवले होते, आणि आज पुण्यात कल्हईवाला शोधायचा तर दिवस मोडावा लागतो. दोनशे मुलांचा स्वयंपाक रोज करणारी कोणतीही शाळा ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची पातेली मागेल. कल्हई उडालेली पितळेची भांडी मागणार नाही. हे मला माहीत असूनही त्या क्षणी सुचले नाही, कारण पुढच्याच वाक्यात त्याने ३१ मार्चच्या आत सामान दिले तर ८०जी कलमाखाली प्राप्तिकरात सवलतीची पावती मिळेल, असे सांगितले आणि माझे लक्ष तिकडे गेले.

टेम्पो दोन दिवसांनी आला. पुढे दोरीने बांधलेला कापडी फलक होता, त्याच्या एका कोपऱ्याखालून आधीचा दुसराच फलक डोकावत होता. तीन माणसे आली आणि त्यांनी सव्वा तासात घर रिकामे केले. तांब्या-पितळेची सगळी भांडी, माझ्या अंदाजाने तीस किलो तरी असतील, त्यांनी पोत्यांत भरून चालकाच्या मागे ठेवली. फ्रिज, मशीन, लोखंडी कपाट आणि चार पंखे त्यानंतर चढले. आणि आईच्या साड्या, वडिलांचे स्वेटर, चादरी, गोधड्या यांची गाठोडी सर्वांत शेवटी, जागा उरेल तशी कोंबली. गाद्या नेणार नाही म्हणाले. मग गाडीभाडे म्हणून २,२०० रुपये आणि कपड्यांची धुलाई व पॅकिंग यासाठी १,१०० रुपये मागितले. मी ते मोबाइलवरून पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नाव येण्याऐवजी एका व्यक्तीचे नाव आले, ते मी वाचलेही, आणि ‘आमचे खजिनदार आहेत’ या तीन शब्दांवर समाधान मानले. पावतीवर सामानाची किंमत ४५,००० रुपये लिहिली होती. एवढी किंमत कशी, असे विचारले तेव्हा ‘तुमच्या फायद्यासाठीच ताई’ असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यात आपणही थोडेसे सहभागी झालो होतो, हे कबूल केलेच पाहिजे.

आमच्या सध्याच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याशी कालव्यालगतच्या वस्तीत राहतात. त्यांनी आधी एकदा मला, आईकडचे लोखंडी कपाट काढणार असाल तर सांगा, असे म्हटले होते. पत्रक आल्यावर मी त्यांना, ते आता संस्थेला द्यायचे ठरले आहे, असे ऐटीत सांगितले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच मावशी एक पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या. कालव्याच्या कडेला कोणीतरी कपड्यांची गाठोडी रात्रीतून टाकून गेले होते, गाई आणि कुत्र्यांनी ती फाडली होती, आणि एका स्वेटरच्या खिशात आमच्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे जुने पाकीट त्यांना सापडले होते. त्यावरचे आडनाव त्यांनी ओळखले. ‘ताई, साड्या चांगल्या होत्या हो, पण भिजल्या सगळ्या,’ एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी पावतीवरचा नोंदणी क्रमांक पहिल्यांदा तपासला. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येते. सामान देण्यापूर्वी दहा मिनिटांत होण्यासारखे ते काम होते. क्रमांक खरा निघाला. मात्र तो दुसऱ्याच जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेचा होता, जिला या प्रकाराची काहीच कल्पना नव्हती. म्हणून केवळ क्रमांक आहे यावर विसंबू नये. त्या क्रमांकापुढे कोणाचे नाव, कोणता पत्ता आणि कोणते विश्वस्त आहेत, ते पत्रकाशी जुळतात का, हे पाहावे. अनेक स्वयंसेवी संस्था नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावरही नोंदलेल्या असतात, तिथेही पदाधिकाऱ्यांची नावे दिसतात.

करसवलतीचा फुगा आमच्या सीएंनी एका वाक्यात फोडला. त्या वर्षीच्या कायद्यानुसार ८०जी खालची वजावट पैशांच्या देणगीला मिळत होती, वस्तूंच्या देणगीला मिळत नव्हती. रोख देणगी २,००० रुपयांहून अधिक असेल तर तिलाही ती मिळत नव्हती. आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळात नव्हतीच. खऱ्या संस्था तेव्हा देणगीचे विवरण प्राप्तिकर विभागाकडे भरून १०बीई हे प्रमाणपत्र देत, पावतीपुस्तकातील हाताने लिहिलेला कागद त्यासाठी चालत नसे. त्या ४५,००० च्या पावतीच्या आधारे मी विवरणपत्रात वजावट मागितली असती, तर खोटा दावा केल्याचे उत्तर मला द्यावे लागले असते, त्या मृदू बोलणाऱ्या माणसाला नव्हे.

पुढच्या रविवारी मी मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात गेले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि पुण्यातील कोणत्याही घरातून नाहीशी झालेली वस्तू तिथे एकदा तरी शोधावी, असे आमचे वडील गमतीने म्हणत. पूर्वी लग्नात आहेर दिलेल्या भांड्यांवर नाव घालून देण्याची पद्धत होती. आईच्या कळशीवर गळ्याखाली तिच्या माहेरचे नाव, मामांचे नाव आणि १९६८ सालची लग्नाची तारीख अशा दोन ओळी टोचलेल्या होत्या. दोन तास फिरल्यावर एका पथारीवर, पंख्याच्या पात्यांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या मधोमध, ती कळशी दिसली. घंगाळ आणि बंब नव्हता, तो बहुधा थेट भट्टीकडे गेला असावा. त्या सुमाराला आमच्याकडचा भंगारवाला पितळेला किलोमागे ३०० रुपयांहून अधिक देत होता, तांब्याला त्याहून पुष्कळ जास्त. पथारीवाले गृहस्थ वयस्कर आणि सरळ होते. टेम्पोवाले माल उतरवून जातात, आम्ही वजनावर घेतो, कोणाच्या घरचा ते विचारत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी १,८०० सांगितले, मी नाव दाखवल्यावर १,२०० वर आले. मी कळशी विकत घेतली. आईची कळशी मी फुकट, वर गाडीभाडे देऊन घालवली होती, ती अशा रीतीने पैसे मोजून परत आणली.

पोलिसांनी लेखी अर्ज घेतला. पैसे ऑनलाइन गेले असल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवली, परंतु तो क्रमांक पैसे गेल्यागेल्या लावला तर खात्यातील रक्कम गोठवण्याची शक्यता असते. मला तीन आठवडे उलटून गेले होते. पत्रकावरचा मोबाइल तोपर्यंत बंद झाला होता.

यावरून घरातले सामान कोणाला देऊच नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण येई. जुन्या जरीच्या साडीवर एखादे पातेले मिळवण्यासाठी आई तिच्याशी अर्धा तास घासाघीस करी, आणि तो व्यवहार दोघींनाही पुरता ठाऊक असे. त्यात पुण्यकर्माचे सोंग नव्हते. आणि जिथे खरोखर काम चालते तिथे शिस्तही दिसते. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था काय स्वीकारते आणि काय नाही हे आधी सांगते, आणि गावकऱ्यांनी विहीर किंवा रस्ता यांसारखे स्वतःच्या गावाचे काम केल्यावर त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व सामान देते. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच विचारासाठी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग कोणी न घेतल्याने रस्त्याकडेला पडून होते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या गाठोड्यातले नक्की कोणाच्या उपयोगाचे आहे हे विचारणारी संस्था भली, सगळेच नेतो म्हणणारी नव्हे, हे कळते. अशा संस्थाही वाहतुकीसाठी पैसे मागतात, त्यामुळे पैसे मागणे हीच लबाडीची खूण समजू नये. ते संस्थेच्या नावाच्या खात्यात जातात की ‘खजिनदारा’च्या, एवढे पाहावे. पुण्यात कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, तीही घरातील जुन्या वस्तू गोळा करण्याचे उपक्रम घेते, आणि तिचे सभासद तर रोज आपल्या जिन्यावरच भेटतात. कपाटासाठी मला मोखाड्यापर्यंत जाण्याची काहीच गरज नव्हती.

दिवाळीपूर्वी घराघरात साफसफाई सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रातून पुन्हा एक पत्रक पडले. संस्थेचे नाव नवे होते, मोबाइल क्रमांक नवा होता, पाडे या वेळी नंदुरबार जिल्ह्यातले होते. ताटली धरलेली मुलगी तीच होती. मार्चमधले पत्रक मी जपून ठेवले होते; दोन्ही पत्रके सोसायटीच्या सूचनाफलकावर शेजारी शेजारी लावली आहेत, आणि नव्या पत्रकाची एक प्रत पोलीस ठाण्यातील माझ्या अर्जाला जोडून आले आहे.