स्वस्तातला व्हिडिओ एडिटिंग पीसी: प्रोसेसर इंटेल आय५-१२४०० की एएमडी रायझन ५ ५६००?

नागपूरच्या सीताबर्डीत भाव काढायला निघण्याआधी एवढं पाहा. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). खरा फरक ग्राफिक्समध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या भागात. १२४०० मध्ये ते आतच असतं, आणि त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडायचं इंटेलचं हार्डवेअर) कॅमेऱ्याच्या एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेल्या) फाइलीही बऱ्यापैकी सुरळीत चालवतं. आरटीएक्स ३०६० सारख्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डालाही हे हार्डवेअरवर जमत नाही. (नावापुढे 'एफ' असलेला मात्र घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतंच.) रायझन ५६०० ला पहिल्या दिवसापासून वेगळं कार्ड लागतं, कलर ग्रेडिंग (रंग जुळवणं), इफेक्ट जास्त असतील तर ते तसंही घ्यावंच लागणार, मग रायझन चालेल. लग्नाच्या व्हिडिओंसाठी मी १२४०० आणि ३२ जीबी रॅम घेईन, कार्ड पुढच्या सीझनला. कॅबिनेट मात्र समोरून जाळीचंच. आपला मे महिना ४५ अंशांचा.